सोबती होते म्हणून रेकॉर्ड बाद?

प्रश्न: आमच्याकडं बालाघाटात ओळीनं 7 टेकड्या आहेत, गावची पोरं त्या एका दमात करतात. रविवारी मी 2 तास 50 मिनिटांत केल्या. दोन मित्र पाण्याच्या बाटल्या घेऊन सोबत होते, चौथ्या टेकडीला वाट सोडून बाभळीतून शॉर्टकट मारला, आणि शेवटी देवळाच्या पायरीला हात लावून घड्याळ बंद केलं. आता पोरं म्हणायलेत हे धरत नाही. खरं काय?
- एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर: भाऊ, पोरं रोडवरच्या मॅरेथॉनचा नियम डोंगराला लावायलेत. रोडवर अंतर मोजून दिलेलं असतं, डोंगरात कोण फूटपट्टी लावणार, म्हणून तिथं मोजायची ती शिखरं.

इंग्लंडातल्या लेक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागाचं बघा. 1932 मधे बॉब ग्रॅहम नावाच्या गेस्टहाउसवाल्यानं केसविक गावातल्या मूट हॉलपासून निघून 42 शिखरं केली आणि 24 तासांच्या आत परत तिथंच आला. साधारण 106 किलोमीटर, चढ सगळा मिळून 8,200 मीटरच्या आसपास! दुसऱ्या कुणाला ते जमायला 1960 उजाडलं. आजही शिखरं ठरलेली, पण मधली वाट तुमची तुम्ही शोधा, उलट्या दिशेनं गेलात तरी चालतं. म्हणजे तुमची बाभळ माफ, काटे तेवढे तुमचे.

आणि सोबती ही तर तिथली रीतच. ते खाणंपिणं उचलतात, धुक्यात वाट दाखवतात, पण खरं काम साक्षीचं, कितव्या शिखरावर किती वाजले ते लिहून घ्यायचं, साक्षीदार नसंल तर ही फेरी करणाऱ्यांचा बॉब ग्रॅहमच्या नावाचा क्लब मेंबर करून घेत नाही. तिथल्याच बिली ब्लँडचा या फेरीचा 1982 चा 13 तास 53 मिनिटांचा टाइम 2018 मधे स्पेनच्या किलियन जॉर्नेट या डोंगरात पळणाऱ्या रनरनं 12 तास 52 वर आणला, त्याच्याबरोबर पण तिथले लोकल रनर होतेच की, एवढा जगात गाजलेला गडी पण पाहुणा म्हणून गावच्या रीतीनं पळाला, मला तर टाइमपेक्षा हेच जास्त भारी वाटतं. हां, एकट्यानं सगळं सामान वाहून पळणाऱ्यांची यादी आजकाल वेगळी ठेवतात, त्या यादीत तुम्ही घुसू नका.

मला शंका आहे ती पायरीची. मूट हॉल पण काही शिखर नाही, बाजारातली इमारत आहे, पण सगळे तिथंच थांबतात म्हणून ते चालतं. तुमच्या आधी ज्याचं रेकॉर्ड होतं त्यानं घड्याळ कुठं बंद केलं ते विचारा. पायरीला असंल तर रेकॉर्ड तुमचं. तो देवळाच्या वर झेंड्यापर्यंत गेला असंल तर परत पळा, आणि ऊन तापायच्या आत पळा.