म्युनिकच्या सहलीत आई-बाबांना दाखाऊची छळछावणी बघायला न्यावं का?

तुम्ही विचारलंय की म्युनिकमध्ये चारच दिवस आहेत, सोबत साठी ओलांडलेले आई-बाबा आहेत, मग दाखाऊला जावं का, की सहलीचा सगळा नूर जाईल? आणि गेलोच तर सकाळी ते बघून दुपारी एखादा राजवाडा जमेल का?

न्या. राजवाडा मात्र दुसऱ्या दिवशी ठेवा.

मी नोकरीमुळे इथेच राहते. दाखाऊला तीनदा गेले, शेवटच्या वेळी आईला घेऊन. निघण्याआधी तिच्या पर्सला लटकवलेलं चांदीचं स्वस्तिक मी काढून ठेवायला लावलं. तिला ते पटेना, नाझींच्या स्वस्तिकाहून आपलं स्वस्तिक वेगळं म्हणाली. वेगळं आहेच. पण तिथे कोणाचे आजोबा मेलेले असतात, आणि त्या माणसाला आपण दारात थांबवून फरक समजावत बसणार नाही. तुम्हीही लॉकेट, ओढणी, पिशवी एकदा बघून घ्या.

मुख्य स्टेशनवरून एस-२ लोकलने पाऊण तासाच्या आत दाखाऊ, तिथून ७२६ नंबरची बस थेट छावणीपर्यंत जाते. प्रवेश फुकट आहे. ऑडिओ गाइडला थोडे पैसे पडतात, ते जरूर घ्या. सगळीकडे खडी आहे आणि आवार फार मोठं आहे, त्यामुळे आई-बाबांना चांगले बूट हवेत. लहान मुलं सोबत असतील तर मी नेणार नाही.

फाटकावर लोखंडी अक्षरांत लिहिलंय, ‘श्रमातून मुक्ती’. लोक तिथे उभं राहून सेल्फी काढतात. कृपा करून तुम्ही काढू नका.

आत जाताना एवढं डोक्यात असू द्या. हिटलर ३० जानेवारी १९३३ला सत्तेवर आला आणि २२ मार्चला ही छावणी सुरू झाली. दोन महिनेही गेले नव्हते. आधी इथे आणले ते राजकीय विरोधक, कम्युनिस्ट आणि सोशल डेमोक्रॅट. ज्यू मोठ्या संख्येने आले ते नोव्हेंबर १९३८मध्ये ज्यूंवर देशभर झालेल्या हल्ल्यांनंतर, एका झटक्यात दहा हजारांहून जास्त. पुढे पोलंडचे पाद्री आले, सोव्हिएत युद्धकैदी आले. १२ वर्षांत दोन लाखांहून जास्त माणसं इथे आणि इथल्या उपछावण्यांत कोंडली गेली, त्यातली किमान ४१,५०० मेली. पोलंडमधल्या आउशवित्झच्या मोठ्या छळछावणीला जमत नाही म्हणून दाखाऊ, असं मनात असेल तर ते काढून टाका. हे सगळं कुठून आणि कसं सुरू झालं, ते इथे दिसतं.

मूळच्या बराकी पाडल्या आहेत, नुसते चौथऱ्यांचे आकार राहिलेत. दोन बराकी पुन्हा बांधल्यात, त्यातल्या एकीत तीन काळांतले बिछाने दाखवलेत. तिथे घाई करू नका. सुरुवातीच्या बिछान्यांत दोन माणसांच्या मधे लाकडाची पट्टी आहे, म्हणजे ज्याची त्याची जागा. शेवटच्या काळातले बघा, सलग फळ्या, मधे काहीच नाही. छावणी ६,००० माणसांसाठी बांधलेली, २९ एप्रिल १९४५ला अमेरिकन सैन्य आलं तेव्हा आत ३०,०००हून जास्त होते. चादरीला सुरकुती दिसली तरी शिक्षा व्हायची. आई त्या फळीच्या कडेला हात लावायला गेली आणि तिने तो मागे घेतला.

आईला खरं हलवलं ते शेवटी, शवदाहिनीच्या इमारतीत. तिथल्या भिंतीवर चार बायकांच्या नावांची पाटी आहे. ब्रिटिशांसाठी फ्रान्समध्ये गुप्त काम करताना पकडलेल्या या चौघींना १३ सप्टेंबर १९४४ला इथे गोळ्या घातल्या. त्यात एक नाव नूर इनायत खान. पॅरिसमधून वायरलेसवर संदेश पाठवायची, वय ३०. तिचे वडील सूफी इनायत खान बडोद्याचे. त्यांच्या आईचे वडील मौलाबक्ष, ज्यांनी सयाजीरावांच्या आश्रयाने १८८६मध्ये बडोद्यात गायनशाळा काढली. माझं आजोळ बडोद्याचं. सूरसागराजवळच्या त्या संगीत महाविद्यालयावरून आई लहानपणी रोज शाळेत जायची. मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती पाटीकडे बघत हळूच म्हणाली, “म्हणजे आपल्या गावची लेक.” तिने चपला काढायला हात खाली नेला, मग आजूबाजूला बघून नुसते हात जोडले.

शेजारीच गॅस चेंबर आहे, दारावर जर्मनमध्ये ‘स्नानगृह’ लिहिलेलं. त्यात इथे सामूहिक हत्या झाल्या नाहीत. आजारी कैद्यांना ऑस्ट्रियातल्या हार्टहाइमला नेऊन मारत, अडीच हजारांहून जास्त माणसं तशी गेली. तरी त्या खोलीत पाय टाकायला आईने नकार दिला, मी आग्रह केला नाही. तुमच्यापैकी कोणी बाहेर थांबतो म्हणालं तर थांबू द्या, बाहेर झाडं आहेत.

येताना लोकलमध्ये आम्ही दोघी बोललो नाही. घरी आल्यावर आई सरळ न्हाणीघरात गेली आणि डोक्यावरून अंघोळ करून आली, स्मशानातून आल्यावर करतात तशी. मी त्या संध्याकाळी बाहेर जेवायला टेबल बुक केलं होतं, ते फोन करून रद्द केलं आणि वरणभाताचा कुकर लावला. तुम्ही हॉटेलात उतरला असाल तर त्या रात्रीसाठी खोलीवरच काहीतरी साधं आणून ठेवा.