दोन स्टॉप आधी उतर

प्रिय मित्रा,

ऑफिस 12 किलोमीटर, गाडी दारात, जिमची वर्षाची फी भरलेली आणि तीन महिन्यांत तू गेलास चार वेळा. वर विचारतोस, बॅच सकाळची घेऊ की संध्याकाळची? अरे, बॅचचं सोड. जाण्यायेण्यात चालणं घाल.

लंडनच्या डबलडेकर बसवरच्या माणसांचा जेरी मॉरिस या डॉक्टरांनी अभ्यास केला होता. 1953 साली तो छापून आला. बस एकच. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर रोज पाचशेच्या वर पायऱ्या चढणारा. हृदयविकार ड्रायव्हरांत जास्त. तू वाद घालणार, मुळात जाड माणसंच ड्रायव्हर होत असतील! मॉरिसनाही तीच शंका आली. त्यांनी गणवेशांची मापं काढली, तर ड्रायव्हरांच्या कमरा खरंच मोठ्या निघाल्या. पण पुढे दिसलं ते असं, की बारीक असो वा जाडा, कंडक्टरच जास्त सुरक्षित. यातला एकही पायऱ्या चढायला वेगळा वेळ काढत नव्हता. कळतंय ना? जाण्यायेण्यात घाल.

माझंच सांगतो. तिशीपर्यंत मी स्टेशनला चालत जायचो. 20 मिनिटं जायला, 20 यायला, आठवड्याचे सहा दिवस. म्हणजे 240 मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं सांगते. ती मला फुकट मिळत होती, आणि मी स्कूटर घेतली. हौसेनं नाही हं, वडील आजारी होते, घरी लवकर पोचायचं होतं. वाचलेला वेळ त्यांच्यापाशी गेला का? थोडा गेला. बाकीचा पेपर वाचण्यात. ते गेल्यावर स्कूटर विकायला हवी होती, पण तोवर दुसऱ्या मजल्यावर मला धाप लागायला लागली होती आणि चालणं नकोसं झालं होतं. असो.

गाडी विक म्हणत नाही. रात्री-अपरात्री लागते, मलाही लागली. पण रोज बसनं जा आणि दोन स्टॉप आधी उतर. गाडीच न्यायची तर लांब लाव. पोटरी आवळली की पायातलं रक्त वर ढकललं जातं. सीटवर बसून तो पंप चालत नाही. पाऊस आला तर, हे विचारू नकोस. छत्री घे.

आणि जिमचे उरलेले पैसे परत मागायला जाऊ नकोस. देत नाहीत. मी मागून पाहिलेत.

तुझा,
काका