टीममध्ये एकेक दणकट माणूस घेतला, तर सहकार्याची वेगळी गरज उरते का?

उरते. अकरा वर्षं परळच्या एका गोविंदा पथकात सगळ्यांत खालच्या थराला उभा होतो, म्हणून ठामपणे सांगतो.

यावर फ्रेंच अभियंता रिंगेलमानचा दोरी ओढण्याचा प्रयोग सांगितला जातो. आठ जणांनी मिळून दोरी ओढली की प्रत्येकाचा जोर जवळजवळ निम्म्यावर येतो, हे खरं. पण दोरीवर कोण ढिला पडलाय ते शेजाऱ्याला कळत नाही. थरात लगेच कळतं.

२००७ साली आमच्या प्रशिक्षकांनी सात थरांसाठी व्यायामशाळेतली आठ पोरं आणली. गुरुपौर्णिमेपासून सरावाला येणारे आमच्या चाळीतले गडी मागच्या रिंगणात गेले. नव्यांचा सराव जेमतेम चार दिवसांचा. हंडीच्या दिवशी सहावा थर बसला, एक्का, म्हणजे सगळ्यांत वरचं पोर, चढायला लागला आणि माझ्या लक्षात आलं, शेजारच्याचा हात माझ्या खांद्यावर नाहीच, बनियनच्या पट्टीवर आहे. ओल्या डांबरावर त्याची टाच बोट बोट सरकत होती. तो काही बोलला नाही. चार दिवसांच्या ओळखीत कुठल्या तोंडाने बोलणार? मी ओरडलो, "उतरवा!" सगळे नीट उतरले, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. बक्षीस गेलं.

माझा मोठा भाऊ तिसऱ्या थराला होता. "दोन मिनिटं दम धरला असतास तर..." हे तो अजून दर गोकुळाष्टमीला ऐकवतो. दादा, वर सातवीतलं पोर होतं. तेव्हा चौदा वर्षांखालच्यांना बंदी नव्हती.

पुढच्या वर्षी खाली परत आमचेच गडी. सात लागले आणि सातही उतरले. जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने २०१२ मध्ये ठाण्यात नऊ थर लावून गिनीज बुकात नाव नेलं. ती उंची नुसत्या दंडांवर गाठता येत नाही.

एक मात्र आहे, सांभाळून घेणं म्हणजे सहकार्य नव्हे. आमच्याच एकाने दुखरा खांदा लपवला होता, आम्हाला माहीत होतं आणि आम्ही गप्प बसलो. ती चूकच. शिवाय जे काम एकट्याने बसून करायचं, त्याला यातलं काही लागू नाही.

तुमच्या टीममध्ये बिनधास्त "उतरवा" म्हणणारा कोण आहे ते बघा, आणि म्हणाला तर त्याला भित्रा ठरवू नका. त्या दिवशी वर चढणारं पोर आता आमच्या पथकाचे थर लावतं. खालून कुणीही ओरडलं की आधी उतरवतं, का ते नंतर विचारतं.