पगाराची स्लिप थांबली की

मुलुंडच्या घरातून परदेशी क्लायंटचं काम सुरू केलंस, मनापासून आनंद झाला. पण खात्यात आलेली सगळी रक्कम आपली नसते, त्यातून कर भरायचा असतो. प्रत्येक पेमेंटचा निदान चौथा हिस्सा त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाक. घरभाड्याची कितीही ओढाताण असो, त्याला हात लावू नकोस. तांत्रिक सल्लागारासारख्या ठरावीक व्यवसायांना निम्मी जमा उत्पन्न धरून कर भरता येतो. तरी आगाऊ कर १५ मार्चपर्यंत भरावाच लागतो, नाहीतर व्याज लागतं.

आणि व्यवसाय कर! नोकरीत तो पगारातून कापला जायचा, म्हणून हमखास विसरतात. आता नावनोंदणी तूच करायची, वर्षाला २,५०० रुपये. उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी. परदेशी बिलांवर कर न आकारण्यासाठी एलयूटी (जीएसटी खात्याला द्यायचं हमीपत्र) आधीच भर.