शेजारच्या पेपरची वर्गणी

प्रश्न: आम्ही जर्सी सिटीत राहतो, दोघंही एच-वन बी या नोकरीच्या व्हिसावर. मुलीला सांभाळायला येणाऱ्या बाई मूळच्या इक्वादोरच्या, न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्सहून येतात. मध्यंतरी ‘स्टेशनबाहेर इमिग्रेशनवाले उभे आहेत’ असा मेसेज आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर फिरला आणि सगळे घाबरले. बाईंनी शांतपणे फोन काढला, व्हॉट्सअॅपवर येणारं स्पॅनिश बातमीपत्र पाहिलं आणि म्हणाल्या, ‘यांनी दिलेलं नाही, म्हणजे थांबा.’ ते न्यूयॉर्कमधल्या स्थलांतरितांसाठी बातम्या देणाऱ्या ‘डॉक्युमेंटेड’ नावाच्या संस्थेचं होतं आणि फुकट येतं. अशांना थोडे पैसे द्यावेत असं मला वाटतं. हे म्हणतात, ‘व्हिसावर आहोत, नसत्या भानगडीत पडू नकोस. आणि द्यायचेच तर आपल्या माणसांना दे.’

उत्तर: आधी यजमानांची भीती, कारण ती अगदीच निराधार नाही. परदेशी नागरिकाला अमेरिकेतल्या निवडणुकीसाठी पैसे देता येत नाहीत. ग्रीन कार्डवाल्यांना चालतं, एच-वन बीवाल्यांना नाही. पण ना-नफा बातमीसंस्थेला दिलेली देणगी या नियमात येत नाही. 501(सी)(3), म्हणजे करमाफी असलेली धर्मादाय संस्था, म्हणून नोंदलेल्या संस्थेला कुणा उमेदवाराचा प्रचारच करता येत नाही. नोंदणी आहे की नाही ते आयआरएसच्या (कर खात्याच्या) संकेतस्थळावर नाव टाकून पाहता येतं. तरी धाकधूक राहिली तर तुमच्या वकिलांना एक ओळीचा ईमेल करा. सांभाळायचं ते वेगळंच: यजमानांना कुणी तिथे लेख लिहायला सांगितलं आणि मानधन देऊ केलं, तर ते घेऊ नये. ज्या नोकरीसाठी एच-वन बी मिळाला, ती वगळता दुसरीकडे काम करून केलेली कमाई चालत नाही.

आता ‘आपली माणसं’. ‘इंडिया अब्रॉड’ आठवतोय? 1970 साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेला, आपल्या आधीच्या पिढीच्या घराघरांत येणारा. 2020 मध्ये त्याची छपाई बंद झाली. तेव्हा मंडळांतून हळहळ पुष्कळ झाली, पण हळहळणाऱ्यांपैकी वर्गणी किती जणांनी चालू ठेवली होती? ढोल-ताशासाठी आपण दोन दिवसांत पैसे जमवतो (जमवावेतच, माझाही हात त्यात असतो), पण बातमीला पैसे मोजायचे म्हटले की जिवावर येतं. कॅलिफोर्नियात 1987 पासून चालत आलेलं ‘इंडिया करंट्स’ आजही आहे, आता ना-नफा तत्त्वावर. ‘आपल्यांना’ द्यायचं तर तिथे खुशाल द्या. फक्त ते सबब म्हणून पुढे करू नका.

कारण ‘डॉक्युमेंटेड’ जे करतं ते आपल्याकडे फारसं कुणी करत नाही. 2018 मध्ये ते सुरू झालं, आणि स्पॅनिश बातमीपत्र काढण्याआधी त्यांनी लोकांनाच विचारलं, तुम्हाला काय हवंय? उत्तर आलं ते कामाच्या माहितीचं: फॉर्म कसा भरायचा, वकील खरा की खोटा, मालकाने पगार बुडवला तर जायचं कुठे. म्हणून बातमीपत्र व्हॉट्सअॅपवर आलं, आणि वाचकाने उलट विचारलं तर उत्तर द्यायला माणूस बसला. पुढे स्पॅनिशबरोबर चिनी आणि हैतीची क्रिओलही आली. बुडवलेल्या पगारांचा शोध त्यांनी ‘प्रोपब्लिका’ या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेबरोबर सरकारी नोंदी खणून घेतला. ओकलंडचं ‘एल टिंपानो’ तर साध्या एसएमएसवर चालतं, स्पॅनिशमध्ये आणि ग्वातेमालातल्या लोकांच्या माम भाषेतही.

हे सगळं फुकट ठेवावं लागतं, कारण वाचणारा भांडी घासून, बांधकामावर राबून घर चालवतो. जाहिरातदार त्याला गिऱ्हाईकच मानत नाहीत, आणि फाउंडेशनचं अनुदान दोन-तीन वर्षांत संपतं. शिवाय जोखीम आहेच. अटलांटाजवळ ‘एमजी न्यूज’ चालवणारे मारिओ गेवारा 14 जून 2025 ला एका निदर्शनाचं थेट प्रक्षेपण करताना पकडले गेले. ते आरोप पुढे मागे घेतले गेले, तरी इमिग्रेशनच्या कोठडीतून त्यांची सुटका झाली नाही, आणि ऑक्टोबरमध्ये त्यांची एल साल्वादोरला पाठवणी झाली. अमेरिकेत त्यांची वीसेक वर्षं गेली होती.

तेव्हा द्या, पण दान म्हणून एकदा मोठी रक्कम देऊ नका. दरमहा दहा डॉलर बांधून घ्या. पुढच्या महिन्यात काय येणार हे ठाऊक असलं की संपादकाला वार्ताहर नेमता येतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ‘न्यूजमॅच’ नावाची मोहीम असते, तेव्हा अनेक छोट्या बातमीसंस्थांना मिळालेल्या देणगीत बाहेरून भर पडते. सुरुवात त्या वेळी केलीत तर बरं. तुमच्या कंपन्यांतही देणगीइतकेच पैसे घालण्याची सोय असेल, एचआरला विचारा. आयटीतली आपली मंडळी या पैशांवर वर्षानुवर्षं पाणी सोडतात. करात म्हणाल तर, स्टँडर्ड डिडक्शन (खर्चाचा तपशील न देता मिळणारी सरसकट वजावट) घेणाऱ्यांनाही 2026 पासून अशा रोख देणगीवर एकट्याला 1,000 आणि जोडीने विवरणपत्र भरल्यास 2,000 डॉलरपर्यंत वजावट मिळते. व्यावसायिक पेपरची वर्गणी मात्र यात धरता येत नाही.

मंडळातल्या डॉक्टर, दंतवैद्य आणि टॅक्सवाल्या मंडळींना माझा निरोप द्या. न्यू जर्सीतल्या युनियन सिटी, पॅसेइकमध्ये दवाखाना थाटलाय, निम्मे पेशंट स्पॅनिश बोलतात आणि जाहिरात कुठे, तर फेसबुकवर! तीच जाहिरात तिथल्या छोट्या स्पॅनिश पेपरला दिली तर पेशंट येईल आणि पेपरही तगेल. न्यूयॉर्क शहराने 2019 मध्ये हेच केलं: शहराच्या खात्यांनी छापील आणि डिजिटल जाहिरातींचा निम्मा तरी पैसा स्थानिक आणि स्थलांतरितांच्या माध्यमांकडे वळवावा असा आदेश काढला.

बाईंच्या नावाने देणगी द्यायचा मोह होईल, पण त्यांना विचारल्याशिवाय नको. त्यांचा फोटो टाकून ‘आमच्या बाईंमुळे कळलं’ अशी पोस्ट तर नकोच. आजच्या दिवसांत त्यांचं नाव कुठे दिसणं त्यांना महागात पडू शकतं.

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी. बुडवलेल्या पगारांच्या बातम्यांत मालक म्हणून नेहमी बांधकाम कंत्राटदारच असतो असं नाही, मुलं सांभाळायला माणूस ठेवणारं घरही असतं. न्यू जर्सीत 1 जुलै 2024 पासून घरकामगारांसाठीचा कायदा लागू आहे, आणि तुमच्याकडच्यासारख्या नियमित कामाला लेखी करार लागतो. तुमचा झालाय का? नसेल तर या शनिवारी बसा, कामाचे तास, दर, सुट्टी सगळं लिहा, आणि एक प्रत स्पॅनिशमध्येही करून द्या.