साडेतेरा हजारांचा थर्मामीटर घ्यावा का?

प्रश्न : मी कोल्हापुरात घरूनच ऑर्डर घेते. काजू कतली, केक आणि शनिवार-रविवारी चिकन बिर्याणी. खर्च वजा जाता महिन्याला १८-२० हजार हातात राहतात. अन्न परवान्याची नोंदणी आहे, जीएसटी नाही. महिन्याला कतलीचा एखादा घाणा बिघडतोच. मदतीला मावशी येतात, पण पाकाला मी त्यांना हात लावू देत नाही. मोबाइलला जोडता येणारा, एका सेकंदात तापमान सांगणारा थर्मामीटर १३,५०० रुपयांना मिळतोय, नऊ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर. ब्लूटूथ नसलेला पण तितकाच चपळ ३,२०० ला आहे, आणि अगदी साधा ७०० ला. भाचा म्हणतो, धंद्याचा खर्च दाखव, टॅक्स वाचेल. सासूबाई म्हणतात, बोटाला तार कळते तर हे कशाला? दिवाळीच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आत ठरवायचंय. ओव्हनचे चार हप्ते अजून बाकी आहेत.

उत्तर : ताई, सासूबाईंचा मुद्दा आधी घेऊ, कारण पैशांच्या बाजूनेही तोच सगळ्यात वजनदार आहे. ज्या बोटाला तार कळते त्या बोटाला थर्मामीटर नको, हे खरंच. पण अशी बोटं तुमच्या घरात दोघींचीच. दिवाळीच्या पंधरवड्यात तुम्ही पाकापाशी अडकून उभ्या राहणार, ओव्हनमधला केक ओरडणार, दारात गिऱ्हाईक येणार, आणि मावशी डबे पुसत बसणार, कारण पाक त्यांच्यावर सोडता येत नाही. या यंत्राची खरी किंमत मी इथे धरतो. दोन-चार घाणे शेजारी उभं राहून दाखवले आणि ‘आकडा इथवर आला की गॅस बंद’ असं ठरवून दिलं, की मावशींना पाक करता येईल. तुमचे सुटलेले तास हे बिघडलेल्या कतलीपेक्षा महाग आहेत, फक्त ते वहीत कुठे लिहिले जात नाहीत.

आता बिघडलेल्या घाण्यांचा हिशेब. एक किलो काजूचा घाणा बिघडला म्हणजे हजार रुपये पाण्यात गेले असं आपण बोलून जातो, पण तसं होत नाही. कतली सैल राहिली तर गोळा पुन्हा मंद आचेवर परततो. कोरडी होऊन भुगा झाली तर दुधाचा हबका देऊन मळतो, अगदीच नाही जमली तर घरच्या शिऱ्यात जाते. जिन्नस, गॅस आणि कमी भावात द्यावा लागलेला माल धरून एका घाण्यामागे नुकसान ४०० रुपये समजा. वर्षाचे बारा घाणे, म्हणजे ४,८००. त्यातले सगळे काही पाकामुळे बिघडत नाहीत. काजू मिक्सरमध्ये जास्त फिरवले की तेल सुटतं, आणि त्यावर कुठलाच थर्मामीटर इलाज करत नाही. निम्मे पाकाच्या माथी मारले तर वर्षाची बचत २,४०० रुपये. या बचतीतून ३,२०० वाला सोळा महिन्यांत वसूल होतो. १३,५०० वाल्याला साडेपाच वर्षं लागतात. तुमचे आकडे वेगळे असतील तर ते घालून बघा, पण दोन्हींतलं प्रमाण तेवढंच राहील.

हे जास्तीचे १०,३०० रुपये नेमके कशाचे? चपळाई दोघांत सारखीच आहे, ती थर्मोकपलमुळे येते. दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा सांधा अगदी टोकाशी असतो, म्हणून टोक टेकलं की आकडा स्थिर होतो. ७०० वाल्यात बहुधा थर्मिस्टर असतो, म्हणजे तापमानाप्रमाणे विजेला होणारा अडथळा बदलणारा छोटा भाग. तो खोटं सांगत नाही, पण आठ-दहा सेकंद घेतो, तोवर वाफेत हात धरून बसायचं आणि पाक पुढे सरकलेला. म्हणून पाकासाठी चपळ यंत्राला पैसे मोजणं मला पटतं. ब्लूटूथचं तसं नाही. हा थर्मामीटर टोचायचा, वाचायचा आणि काढून घ्यायचा. म्हणजे तुम्ही पातेल्यापाशी आहातच, आकडा डोळ्यांसमोर आहे. तोच आकडा पदराला खोचलेल्या मोबाइलवर दिसून काय साधलं? मोबाइलची जोडणी उपयोगाची होते ती मांसात खुपसून तासन्‌तास ठेवायच्या प्रोबला (तापमान मोजणाऱ्या सुईला), म्हणजे भट्टीवर बोकडाची आख्खी मांडी भाजत असेल आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत असाल तेव्हा.

तेवढ्यासाठी बिनतारी प्रोब घेऊ, असा विचार मनात आला असेल तर थांबा. अशा अनेक प्रोबांच्या आतल्या भागाची सोसण्याची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. मांसाला ती पुरते, पण साखरेचा पाक त्याच्या पुढे जातो आणि तळणीचं तेल तर १७०-१८० ला असतं. पाकात बुडवलात तर तो प्रोब गेलाच म्हणून समजा. शिवाय ओव्हनच्या बंद दारातून किंवा दम दिलेल्या जाड हंड्यातून ब्लूटूथचा सिग्नल धडपणे बाहेर येत नाही.

जोडलेल्या वस्तूंबद्दल माझी आणखी एक तक्रार आहे, ती फक्त किमतीची नाही. यंत्र तुमचं असतं, ॲप कंपनीचं. अनोव्हा ही पिशवीबंद अन्न पाण्यात ठरावीक तापमानाला शिजवायची यंत्रं विकणारी कंपनी. २०२४ मध्ये तिने ॲपच्या नव्या वापरकर्त्यांना वर्गणी लावली आणि जुन्या मॉडेलांची ॲपशी जोडणी सप्टेंबर २०२५ मध्ये बंद करणार असं जाहीर केलं. यंत्रावरची बटणं चालत राहतात, पण ज्या सोयीसाठी लोकांनी जास्त पैसे दिले ती जाते. ज्या यंत्राची किंमत वसूल व्हायला साडेपाच वर्षं लागणार, त्याचं ॲप साडेपाच वर्षांनी तुमच्या तेव्हाच्या मोबाइलवर चालेल, याची हमी कोण देणार?

भाच्याचा सल्ला. नव्या कररचनेत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. तुमची कमाई वर्षाला सव्वादोन लाखांच्या आसपास. शून्य करातून काही वाचत नाही. तुम्ही अनुमानित उत्पन्नाच्या योजनेतून विवरणपत्र भरत असाल, म्हणजे एकूण विक्रीच्या ८ टक्के, आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरून, तर त्या टक्क्यांत सगळे खर्च आधीच धरलेले असतात. वेगळा थर्मामीटर दाखवता येतच नाही. जीएसटी नोंदणी नसल्यामुळे बिलातला १८ टक्के कर परत मिळणार नाही, तोही तुमचाच खर्च. भाच्याला सांगा, आधी कर लागेल एवढी विक्री होऊ दे, मग वाचवू.

नो-कॉस्ट ईएमआय हे नाव मला नेहमीच खटकतं. बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी रक्कम किमतीत सूट म्हणून दाखवतो. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याकडून जातो, वर प्रक्रिया शुल्क आणि त्यावरही जीएसटी. वार्षिक १६ टक्के व्याज धरलं तर नऊ महिन्यांत साधारण ९०० रुपये होतात. त्यावरचा कर १६० च्या घरात, आणि दोनशेच्या आसपास शुल्क असेल तर सगळं मिळून ४०० रुपये उगाच. रोखीने घेणाऱ्याला कधीकधी मिळणारी सूट हुकते ती निराळी. रकमेपेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त टोचते. ओव्हनचे चार हप्ते चालू असताना आणखी १,५०० चा हप्ता, आणि त्यात दिवाळीनंतरचे मंदीचे महिने. एक बिल चुकलं की क्रेडिट कार्डाचं व्याज वर्षाला ३६ ते ४० टक्क्यांच्या घरात सुरू होतं.

आता एक गोष्ट, जी तुम्ही पत्रात लिहिली नाही पण स्वयंपाकघरात रोज सांभाळत असणार. चिकनमध्ये टोचलेली सुई काजू कतलीच्या पाकात घालणार आहात का? कितीही धुतली तरी तुमच्या शाकाहारी गिऱ्हाइकाला ते कळलं तर ऑर्डर गेली, आणि कच्च्या कोंबडीचा संसर्ग हा भाग वेगळाच. म्हणजे तुम्हाला एक नाही, दोन लागतील. पाकाला ३,२०० चा, चिकनला ७०० चा, दोन्हींच्या मुठींना वेगळ्या रंगाची चिकटपट्टी. एकूण ३,९००. महागडा एकच घेऊन हे साधणार नाही. चिकनला दहा सेकंद थांबलं तर काही बिघडत नाही: सगळ्यात जाड तुकड्यात, हाडाला न टेकवता, ७४ अंश मिळाले की झालं. हाच अमेरिकेच्या कृषी खात्याचा कोंबडीसाठीचा आकडा, त्यांच्या मापात १६५ फॅरनहाइट. बिर्याणी डब्यात भरताना ६० च्या वर आहे ना, हेही त्याच सुईने बघा. तांबड्या-पांढऱ्या रश्शाच्या ऑर्डरी कधी घेतल्यात तर मटणाला याची गरज नाही. रटरट शिजून हाडापासून सुटणारं मटण केव्हाच त्या आकड्याच्या पुढे गेलेलं असतं.

उरलेल्या साडेनऊ हजारांचं काय करावं, हे विचारलं नाहीत तरी सांगतो. तुमच्या जिल्ह्यात आजरा-चंदगडला काजूचे कारखाने आहेत. कतलीला आख्खा, टपोरा काजू लागत नाही, तुकडा चालतो आणि तो स्वस्त पडतो. दिवाळीच्या महिनाभर आधी रोखीने एकदम माल घेतला आणि किलोमागे शंभर रुपये जरी सुटले, तरी वीस किलोंच्या हंगामात दोन हजार झाले. ॲप बघून पाकाची नोंद ठेवण्यापेक्षा हे पैसे लवकर परत येतात. फक्त माल नवा आहे का, खवट वास नाही ना, हे चाखून घ्या, आणि स्वस्त दरासाठी महिन्याच्या खर्चाला हात लावू नका.

ब्लूटूथवाल्याला मी कायमचं नाही म्हणत नाही. एखाद्या कंपनीच्या कँटीनची ऑर्डर मिळाली आणि त्यांनी प्रत्येक खेपेच्या तापमानाची वेळेसकट नोंद मागितली, तर आपोआप होणारी नोंद कामाची आहे. तोवर वही पुरे: तारीख, पदार्थ, आकडा, सही.

३,२०० वाला आला की पहिल्याच दिवशी तपासा, परत करण्याची मुदत थोडी असते. पेल्यात बर्फाचा चुरा गच्च भरा, फटींत पाणी ओता, दोन मिनिटांनी टोक मधोमध धरा. शून्य दिसायला हवं, अर्धा-एक अंश इकडेतिकडे चालेल. मग उकळतं पाणी. तिथे १०० आला नाही म्हणून यंत्र परत पाठवू नका. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटरवर आहे, तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. पाकाचंही तसंच. पुस्तकातले आकडे समुद्रसपाटीचे असतात: एकतारीला १०४ ते १०६, गोळीबंदला ११२ ते ११६. तुमच्याकडे प्रत्येकातून दोन वजा करा. पाक थोडा असेल तर पातेलं तिरकं करा, टोक बुडलं पाहिजे आणि बुडाला लागता कामा नये. पहिल्या चार-पाच घाण्यांना सासूबाईंना शेजारी उभं करा. त्यांना हवी तशी तार आली की यंत्रावरचा आकडा टिपून ठेवा. मावशींना द्यायचा आकडा तोच, पुस्तकातला नव्हे.