ख्रिसमसच्या झाडावर टांगायला छोटी गोधडी हाताने शिवून मैत्रिणीला द्यायची आहे. मशीन नाही. जमेल का? कापड पुण्यात कुठे मिळेल?

आरामात जमेल, एका संध्याकाळचं काम आहे. आपली गोधडीच, फक्त तीन इंची!

कापड विकत घेण्याआधी शिंप्याकडे चिंध्या मागून बघा, मूठभर पुरतात. नाहीतर तुळशीबाग किंवा रविवार पेठ आहेच. लेस, रिबीन, मणीही तिथेच मिळतील. कापड सुतीच घ्या. लाल रंग हमखास जातो, म्हणून आधी धुऊन घ्या. मी एकदा आळस केला आणि पांढरा तारा गुलाबी झाला.

साडेतीन इंचाचे दोन चौकोन कापा, म्हणजे चारी बाजूंनी पाव इंच माया (शिवणीत जाणारी कड) धरून तीन इंच उरतात. वरच्या चौकोनाखाली जुन्या दुपट्याचं फ्लॅनेल ठेवून धावदोरा घाला. कापूस नको, तो गोळा होतो. मग मागचा चौकोन वरच्या चौकोनावर, दोन्हींच्या सुलट बाजू समोरासमोर येतील असा ठेवा. रिबिनीचा फास याच वेळी दोन्ही कापडांच्या मध्ये, तोंड आत करून अडकवायचा. इथेच सगळे चुकतात, उलटवल्यावर फास आतच राहतो. म्हणून त्याची दोन्ही टोकं काठाबाहेर जराशी डोकावू द्या. उलटवण्यासाठी एका बाजूला दीड इंचाची फट सोडून कडेने शिवा, कोपरे तिरके छाटा, उलटवा, पेन्सिलीच्या बोथट टोकाने कोपरे काढा आणि उरलेली फट बारीक टाक्यांनी मिटवा.

खणाच्या कापडाचा तुकडा मिळाला तर तोच वर लावा. लाल-हिरवा खण झाडावर झकास दिसतो.